इतर हक्क

धानोरीत, रो-हाउसच्या मागे, पाऊण गुंठा.
त्यात लॉन अर्ध्याहून थोडं जास्त.
बाकी अळूचा वाफा, कढीपत्ता, पुदिन्याच्या दोन कुंड्या
आणि एक तगर, जी कुणी लावली ते नोंदीत नाही.

एकतीस वर्षं भूमी अभिलेखात मोजणी केली मी.
भावाभावांच्या मधून टेप ओढला.
स्वतःची जमीन मात्र ही पहिलीच.
उरुळीहून गवताच्या गाद्या आणल्या,
गुंडाळलेल्या, सतरंजीसारख्या,
आणि कडा अशा जुळवल्या
की पाण्यानेही विचारावं, कुठून जाऊ?

शिमगा झाल्यावर भोरहून मेहुणा आला,
खोक्यात चार कोंबड्या घेऊन.
"राहू देत चार दिवस," म्हणाला.
त्याला आता आठ महिने झाले.

त्यांची पद्धत अशी:
उजवा पाय मागे, डावा पाय मागे,
एक पाऊल माघार, मान वाकडी,
एका डोळ्याने खड्ड्याची तपासणी.
पुन्हा उजवा.
आमच्या खात्यात इतकं बारीक काम
कुणी केलेलं मला आठवत नाही.

लोहगावचं विमान डोक्यावरून गेलं
की चौघी जागच्या जागी दबतात, घार समजून.
विमान गेलं की पुन्हा उजवा.

पहिल्या आठवड्यात कोथिंबीर गेली. दोन पानांवर होती.
मग मेथी. मग मी वाफ्यावर घातलेला पालापाचोळा,
जो रोज सकाळी फरशीवर सापडतो,
कुणी रागाने दप्तर उपसावं तसा.
अळूला त्यांनी तोंड लावलं नाही.
खाजतं, हे त्यांना कुणी सांगितलं?

तगरीच्या बुडाशी धुळीची न्हाणी.
चौघी एका खड्ड्यात, पिसं फुलवून,
माती पाठीवर घेत,
आणि माझ्याकडे बघतात असं
की मीच कडी न वाजवता आत शिरलोय.

जिथे शीट पडली तिथे गवत आधी जळालं,
पिवळा ठिपका.
पंधरवड्याने त्याच ठिपक्याभोवती
काळपट हिरवं कडं, बोट शिरणार नाही इतकं दाट.
हे नुकसानीत धरायचं की सुधारणेत?

शेवटी कपाटातून टेप काढला,
मेणकापडाचा, शून्याकडे झिजलेला.
नकाशा केला, एकास पन्नास.
टक्कल पडलेले तुकडे अ, ब, क.
क्षेत्र एकोणीस चौरस फूट. कब्जेदार चार.
इंदुमतीने चष्म्यावरून पाहिलं,
"नोटीस कुणाच्या चोचीत देणार?"
इतर हक्कांचा रकाना मी कोरा ठेवला होता.
तिने पेन्सिलीने लिहिलं: अंडी, रोज तीन.

ऑगस्टात शेजारच्या फडतरेबाईंचं लॉन गेलं.
वरून हिरवंगार, पण हाताने उचललं
तर चादरीसारखं सुटून आलं.
खाली मुळंच नाहीत. हुमणीच्या अळ्या,
पांढऱ्या, स्वल्पविरामासारख्या वाकलेल्या.
बाईंनी डबाभर वेचून आणल्या.
आमच्या चौघींनी डबा पुसून दिला.
मी घरी येऊन आमचं गवत ओढून पाहिलं.
जे उरलंय ते मुळासकट आहे.

हे त्यांच्या बाजूने लिहायला बसलो
तर परवा पुदिन्याची दुसरी कुंडी गेली.

कसेल त्याची जमीन, हे मी
किती ओसऱ्यांवर वाचून दाखवलं असेल,
चेहऱ्यावर काही न आणता.
इथे कसतंय कोण?
मी पाणी मारतो फक्त,
संध्याकाळी, पाइपने, खुर्चीत बसून.

अर्ध्या लॉनला जाळी लावायची ठरलीय.
आज हद्द आखायला गेलो, खुंटी ठोकली,
टेपचं टोक जमिनीला लावलं
तर ती काळी, बोडक्या मानेची, आली
आणि शून्यावर उभी राहिली.
हुसकली. गेली. परत आली.
तिथे खाली काहीतरी आहे.
तिला माहीत आहे, मला नाही.
टेप धरून उकिडवा बसलोय.
तिचं झालं की मोजू.